पायवाट कुणाची? कासीद, वाघ आणि भरतीची पोरं

पहाटे पाचला जिंतूरहून कुठल्याही दिशेनं गाडी काढा. परभणी रोड असो, औंढ्याचा असो की येलदरीचा. रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतातच. कुणाच्या हातात मोबाईलचा टॉर्च, कुणाच्या पायात तळ निघालेले बूट, पोरींच्या मागं मोटारसायकलवर भाऊ नाहीतर बाप. ही सगळी भरतीची तयारी. पोलीस भरतीला पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर. एसआरपीएफला 5 किलोमीटर. आणि वनरक्षकाच्या भरतीलाही पोरांना 5 अन् पोरींना 3 किलोमीटर पळावं लागतं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीतल्या एका पोराला मागून पिकअपनं उडवलं. धुकं होतं, गाडीवाला थांबला नाही. मांडीत रॉड टाकावा लागला. बातमी मीच लिहिली, चार ओळींची. दवाखान्यात भेटायला गेलो तर पोरगं म्हणालं, "काका, डोंगरानं पळत होतो तवा साधं खरचटलं पण नव्हतं."

मी विचारलं, मग डोंगर सोडला कशाला? तर म्हणे एकानं अडवलं होतं. जंगलाची जागा आहे, पुन्हा दिसलास तर केस करीन म्हणून. पोराच्या डोक्यात भीती ही की केस झाली तर भरतीच्या चारित्र्य पडताळणीत नाव येईल. म्हणून रस्त्यावर आला, आणि पिकअपखाली गेला.

अडवणारा कोण होता, कुठल्या हुद्द्यावर होता, हे मी इथं लिहीत नाही. त्याचं फार चुकलं असंही मला वाटत नाही, त्याचं कारण पुढं येईल. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. डोंगरातल्या या पायवाटा केल्या कुणी, आणि त्या बंद कधी झाल्या? जमेल तेवढं वाचलं, ते मांडतोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

शहरात या पळण्याला आता ट्रेल रनिंग म्हणतात. सिंहगड-राजगड-तोरणा अशी गडांना जोडणारी अल्ट्रा शर्यत भरते. छातीवर नंबर, पाठीवर पाण्याची पिशवी, खिशात गोड चिकट जेलची पुडी. साताऱ्यात यवतेश्वराच्या घाटानं कासकडं पळणारी हिल मॅरेथॉन 2012 पासून आहे, ती मात्र डांबरी रस्त्यावर. हे सगळं चांगलंच आहे. पण माती-दगडांच्या वाटेनं लांब पळणं हे शहरानं शोधलं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आपल्या मराठवाड्याशी संबंध असलेली एक नोंद वाचावी.

14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडं निघाले होते आणि नर्मदा ओलांडायच्या बेतात होते. तिथं त्यांच्या लोकांना एक कासीद सापडला. कासीद म्हणजे पत्र पोचवणारा माणूस. तो पेशव्यांचा नव्हता, अब्दालीचा पण नव्हता. पानिपतच्या सावकारांनी आपल्या औरंगाबादच्या पेढीला लिहिलेलं पत्र त्याच्याकडं होतं. पेशव्यांनी ते फोडून वाचलं, आणि मराठ्यांचं काय झालं ते त्यांना त्या पत्रातून कळलं. मोती गळाल्याची ती सांकेतिक भाषा शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलीय, म्हणून परत सांगत नाही.

ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (हे पुस्तक 1826 चं) या कासिदाबद्दल आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीय, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. पानिपतहून औरंगाबादला नवव्या दिवशी पोचायचं, असा त्याच्याशी करार होता. नवव्या दिवशी! नकाशा काढून बघा. पानिपत ते औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी 1000 किलोमीटरच्या वर भरतं. दिवसाला 110 किलोमीटरपेक्षा जास्त. मध्ये चंबळ, नर्मदा, तापी, विंध्य, सातपुडा, अजिंठ्याचा डोंगर. जानेवारीची थंडी, आणि मागं नुकतीच झालेली एवढी मोठी लढाई. एकच माणूस एवढं पळाला असेल असं मला वाटत नाही. वाटेत माणसं बदलली असतील, कुठं घोडा मिळाला असेल. पण सावकार लोक भावनेच्या भरात करार करत नाहीत. नऊ दिवस ठरले, म्हणजे नऊ दिवसांत पत्र पोचतं हा त्यांचा आधीचा अनुभव असणार. त्या कासिदाचं नाव मात्र इतिहासात नाही.

पेशवाईतल्या पत्रांत 'जासूद जोडी' असा शब्द भेटतो. जोडी म्हणजे दोघं जण बरोबर. एक आजारी पडला, एकाला जनावरानं धरलं, एक पकडला गेला तरी दुसऱ्यानं पत्र पुढं न्यायचं. इंग्रजांच्या काळात टपाल नेणारे हरकारे आले. टप्पा ठरलेला, एकानं पळत आणायचं आणि दुसऱ्यानं पळत पुढं न्यायचं. खांद्यावर थैली, हातात भाल्यासारखी काठी आणि तिला घुंगरं. घुंगरं शोभेला नव्हती. जंगलातून जाताना आवाज व्हावा आणि जनावर बाजूला व्हावं म्हणून ती असायची. आज ट्रेल रनिंगवाले अस्वलांच्या मुलखात बॅगेला घंटी बांधतात आणि ती दुकानात विकत मिळते, हे बघून मला हसू आलं.

सांगायचा मुद्दा असा की डोंगरातली पायवाट ही कुणी इंजिनिअरनं आखलेली नसते. गुराख्यानं, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायांनी, देवाला जाणाऱ्या माणसांनी आणि पत्र घेऊन पळणाऱ्यांनी ती पायानं पाडलेली असते. आपल्या नेमगिरीचंच बघा. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी असे दोन डोंगर, त्यात जैनांची गुहामंदिरं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळापासूनचं हे ठिकाण आहे आणि जिंतूरचं जुनं नाव जैनपूर होतं, असं सांगतात. तिकडं डांबरी सडक अलीकडं आली. त्याआधी शेकडो वर्षं लोक वर कसे जात होते? पायवाटेनंच ना.

मग या वाटा बंद कधी झाल्या?

ब्रिटिश मुलखात 1878 च्या जंगल कायद्यानं राखीव, संरक्षित आणि गावजंगल असे तुकडे पाडले. 1927 ला आजचा भारतीय वन अधिनियम आला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, त्याचा जंगल कायदा वेगळा, शेवटचा 1355 फसलीचा. नंतर हैदराबाद मुक्त झालं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1927 चाच कायदा आपल्या डोंगरांवर पण बसला. त्याच्या कलम 26 मध्ये राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. पोराला अडवणाऱ्यानं कायदा पाठ केला असेल तर तो इथपर्यंत.

पण त्याच्या बरोबर एक पायरी आधी कलम 25 आहे, आणि ते सहसा कुणी वाचत नाही. राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वन अधिकारी राज्य सरकारच्या मंजुरीनं बंद करू शकतो, असं ते म्हणतं. पण अट आहे. तिच्या बदल्यात सोयीची दुसरी वाट आधीपासून असली पाहिजे, नाहीतर त्यानं ती करून दिली पाहिजे. म्हणजे इंग्रजाच्या कायद्याला सुद्धा वाट ही वस्तू मान्य होती. झाड तोडायला येणारा आणि वाटेनं जाणारा यांच्यात तो फरक करत होता. या कलमावर पोरांचा पळायचा हक्क सिद्ध होतो असा माझा दावा नाही. कोणी वकील मित्र असतील ते लगेच सांगतील की चालत आलेली वहिवाट वेगळी आणि भरतीचा सराव वेगळा. मान्य. पण वाट बंद करताना दुसरी द्यावी लागते हा विचार कागदावर शंभर वर्षांपासून आहे, एवढंच मला दाखवायचंय.

अभयारण्याचा कायदा आणखी कडक. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 27 नं अभयारण्यात विनापरवाना प्रवेश बंद केला. परवाना कशासाठी मिळतो ते कलम 28 मध्ये दिलंय. वन्यजीवांचा अभ्यास, फोटो, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. पळणं त्यात नाही. पळणाऱ्यानं स्वतःला पर्यटक म्हणवून घ्यायचं. आणि गंमत बघा, अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यानं कुणी जात असेल तर त्याला कलम 27 मधून सूट आहे. डांबरावरून ट्रक जाऊ शकतो. पायवाटेनं अनवाणी माणूस जाऊ शकत नाही.

आपल्याला सगळ्यात जवळचं अभयारण्य कुठलं? लोणार. मंठ्यावरून गाडीनं दीड-दोन तास. उल्केच्या आघातानं झालेलं विवर, व्यास पावणेदोन-दोन किलोमीटरच्या आसपास, आत खारं पाणी. 1823 ला अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. हे उल्केचंच काम आहे यावर शास्त्रज्ञांचं एकमत मात्र बरंच उशिरा, 1970 च्या दशकात झालं. 2000 साली ते अभयारण्य झालं, जेमतेम साडेतीन-पावणेचार चौरस किलोमीटरचं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो फिरले, आणि त्याच वर्षी रामसर यादीत नाव आलं.

मी चार-पाच वेळा खाली उतरलोय. काठाकाठानं जाणारी वाट झाडीतून, पडक्या देवळांमधून जाते. मोर समोरून जातात, माकडं तर अंगावर येतात. पळण्यासाठी याच्याइतकी सुंदर वाट मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर दुसरी नसेल. आणि तरीही तिथं पळण्याच्या शर्यती भरू नयेत असंच माझं मत आहे. एवढ्याशा जागेत पाचशे माणसं, माईक, पाण्याच्या बाटल्या, शेणासारखी चिकटणारी ती जेलची पाकिटं! विवराच्या आतल्या त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. जे खाली पडेल ते तिथंच राहणार. नवरात्रात कमळजादेवीला भाविक जातात, ती वाट अभयारण्याच्या कितीतरी आधीची आहे. तिचा मान ठेवावा आणि तेवढ्यावर थांबावं.

मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्यांना पास मिळतो. 100 चौरस किलोमीटरहून थोडं मोठं जंगल, आत बिबटे, बाहेर चहूबाजूंनी शहर. ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ, बाकी जंगल जनावरांचं. म्हणजे मार्ग निघतो. फक्त तो मागणारे लोक मुंबईचे असावे लागतात, असं कधी कधी वाटतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियात वेस्टर्न स्टेट्स नावाची 100 मैलांची शर्यत आहे. मुळात ती घोड्यांची होती. 1974 ला गॉर्डी एन्सली नावाचा माणूस घोड्याशिवाय, स्वतःच्या पायावर ती पळाला आणि 24 तासांच्या आत पोचला. तिथून जगभरातल्या आजच्या लांब पल्ल्याच्या ट्रेल शर्यती सुरू झाल्या असं मानतात. 1984 ला त्या वाटेचा काही भाग कायद्यानं राखीव रानात गेला. शर्यत बंद झाली नाही, पण आकडा गोठवला गेला. आजही अर्ज हजारोंनी येतात आणि पळतात साधारण 369 च्या आसपास. बाकीच्यांनी चिठ्ठी निघायची वाट बघायची. वाट उघडी ठेवायची आणि पायांची संख्या मोजायची, एवढा साधा तोडगा.

आता त्या अडवणाऱ्या माणसाची बाजू. मी म्हटलं होतं की त्याचं फार चुकलं नाही.

2019 च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग लागला. नऊ महिन्यांत तो 3000 किलोमीटरच्या वर चालला. तेलंगणात गेला, परत आला, आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून गेला आणि शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लोकांनी त्याला वॉकर असं नाव दिलं. हिंगोली 1999 पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. तो झुडपात पडलेला असताना माणसं तिथं घुसली आणि त्यात एक जण जखमी झाला. बाकी एवढ्या प्रवासात त्यानं माणसाच्या वाटेला जाणं टाळलं. मार्च 2021 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ गौताळ्याच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक थेट धाराशिवच्या येडशी-रामलिंगला पोचला.

हे वाघ गेले कुठून? मधे सलग जंगल नाहीच. परभणी तर राज्यातल्या सगळ्यात कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक. ते गेले ओढ्यानं, बांधानं, पऱ्हाटीतून, तुरीतून, डोंगराच्या कडेनं. बहुतेक रात्री. म्हणजे ज्या वाटा कासिदाच्या होत्या, गुराख्याच्या होत्या, त्याच. अजिंठ्याच्या रांगेचं जे शेपूट आपल्या तालुक्यातून जातं, ते वाघाच्या नजरेनं बघितलं तर रिकामं माळरान नाही, तो रस्ता आहे. आपल्याकडं रोही आहेत, रानडुक्कर आहे, तडस आहे, बिबट्याच्या बातम्या मी स्वतः दिल्यात. बिबट्या फिरतो तो पहाटे आणि सांजेला. भरतीचं पोरगं पळतं तेही पहाटे. जनावरासमोर पळायचं नाही हा जंगलातला पहिला नियम, आणि आपली पोरं तिथं जातात तीच पळायला. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात पायी काम करत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीनं मारलं. त्या खात्याच्या होत्या, सोबत माणसं होती, तरी. म्हणून कुणी काळजीनं अडवलं असेल तर मी त्याला शिव्या देणार नाही.

पण अडवून झाल्यावर पोरानं जायचं कुठं, हे कुणी सांगितलं नाही. माझी तक्रार तेवढीच.

शाळा-कॉलेजच्या मैदानावर पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि पहाटे फाटकाला कुलूप. दुसरीकडं वनखातं स्वतःच्या भरतीला 5 किलोमीटर पळायला लावतं. जंगल राखायला पळता आलं पाहिजे, आणि पळणं शिकायचं ते ट्रकच्या मागं. 2006 च्या वनहक्क कायद्यात गावासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन द्यायची तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तलाव, रस्ता अशा तेरा कामांसाठी. ती यादी मी दोनदा वाचली. खेळाचं मैदान त्यात नाही.

आपल्या मराठवाड्याचाच अविनाश साबळे बघा. आष्टी तालुक्यातलं मांडवा, शेतकऱ्याचं पोरगं. शाळा सहा किलोमीटरवर, गाडी नाही, म्हणून चालत-पळत जायचा. बारावीनंतर फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला होता. फौजेत क्रॉस कंट्रीला उतरला, म्हणजे चढउतार आणि मातीतलंच पळणं. तिथून 3000 मीटर स्टीपलचेस. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंना अंगावर घेऊन रौप्य, 2023 ला आशियाई सुवर्ण. स्टीपलचेस हा खेळच मुळात इंग्लंडातल्या रानातून, कुंपणं आणि ओढे ओलांडत पळण्यातून आला. मांडव्याच्या पोराला तो जमला यात नवल नाही. बांध आणि ओढे त्यानं लहानपणीच ओलांडलेले असणार.

त्याला त्या वयात कुणी शाळेच्या वाटेवर अडवलं असतं तर? जाऊ द्या, असले प्रश्न मला आवडत नाहीत.

मी एक अर्ज तयार केलाय. जिंतूरला अभयारण्य नाही, म्हणजे वन्यजीव कायद्याची ती कडक कलमं इथं आड येत नाहीत. मागणी छोटी आहे. गावाजवळच्या डोंगराची एकच ठरलेली वाट, दगडांना चुन्याच्या खुणा केलेली. उजाडल्याशिवाय आत जायचं नाही, अंधार पडायच्या आत बाहेर. एकट्यानं नाही, जोडीनं. पेशव्यांच्या जासुदांसारखं. खाली वहीत नाव लिहायचं, वर आल्यावर खोडायचं. दिवसाला किती पोरं हा आकडा वनखात्यानं ठरवावा. बिबट्या दिसल्याची खबर आली की वाट आठ दिवस बंद, त्यावर वाद नाही. वणव्याच्या दिवसांत याच पोरांनी जाळरेषा काढायला यायचं, हेही लिहून दिलंय. चाळीसेक पोरांच्या सह्या झाल्यात, अकरा पोरींच्या आहेत. ज्यांना सही करायची त्यांनी इनबॉक्सला यावं, नंबर कमेंटमध्ये टाकू नका.

अर्जाला नकाशा जोडायचा आहे. तो रॉडवालं पोरगं काढून देतंय, मोबाईलवर, खाटेवर बसून. त्याला डोंगरातलं प्रत्येक वळण पाठ आहे. काल दोनदा फोन केला त्यानं. नाला ओलांडायची जागा मी चुकीची दाखवली होती म्हणे.